व्हिडिओ गेमच्या प्रकाशनपूर्व चाचण्या : स्वरूप व मर्यादा

हिशेबाच्या आज्ञावलीची परीक्षा घेणे तुलनेने सोपे असते. कारण अपेक्षित उत्तर आधीच ठाऊक असते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र दोन भिन्न प्रश्न उपस्थित होतात. आज्ञावली रचनाकारांच्या योजनेप्रमाणे चालते काय, हा पहिला. आणि ती तशी चालली तरी खेळणाऱ्यास अभिप्रेत अनुभव येतो काय, हा दुसरा. प्रकाशनपूर्व चाचण्यांचे स्वरूप समजून घेताना हा भेद ध्यानी ठेवणे अवश्य आहे.

पहिल्या प्रमुख अवस्थेस ‘अल्फा’ म्हणतात. या वेळी खेळातील मुख्य क्रिया सिद्ध झालेल्या असतात. चित्रे, ध्वनी इत्यादी अपुरे असले तरी चालते. संस्थेतील परीक्षक एकच प्रसंग पुनःपुन्हा आणि मुद्दाम आडवाटेने खेळतात. भिंतीवर आदळत राहतात, खेळाची नोंद साठविली जात असतानाच यंत्र बंद करतात. आढळलेला दोष कोणत्या कृतींनी पुन्हा उत्पन्न होतो, हे ते लिहून ठेवतात. कारण जो दोष पुन्हा दाखविता येत नाही, त्याचे मूळ शोधणे दुष्कर होते. दुरुस्तीनंतर पूर्वी निर्दोष ठरलेले भागही पुन्हा तपासावे लागतात. एका दुरुस्तीतून दुसरा दोष उद्भवणे हा नित्याचा अनुभव आहे. ‘बीटा’ अवस्थेत सर्व सामग्री समाविष्ट झालेली असते. नवी भर थांबते, दोषनिवारणास प्राधान्य मिळते आणि पुष्कळदा खेळ बाहेरील लोकांच्या हाती दिला जातो. या संज्ञांच्या सीमा संस्थेगणिक थोड्याफार बदलतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले जाते, हे २००७ साली प्रकाशित झालेल्या ‘हेलो ३’ या खेळावरून स्पष्ट होते. मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सुमारे ६०० सामान्य खेळाडूंचा मिळून ३,००० तासांचा खेळ अभ्यासण्यात आला. खेळाडू कोठे वाट चुकतात, कोठे वारंवार मारले जातात, याचे नकाशे तयार झाले. अशा ठिकाणी आज्ञावली बिनचूक असूनही रचना सदोष असू शकते. त्याच वर्षीच्या मे-जूनमधील सार्वजनिक बीटा चाचणीत ८ लाखांहून अधिक लोक सहभागी झाले. एवढ्या संख्येने जाळ्यावर पडणारा भार मोजक्या परीक्षकांना निर्माण करता येत नाही.

कन्सोलवरील खेळास यानंतर कन्सोलच्या निर्मात्याचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. विक्रीयोग्य अंतिम प्रत तयार झाली की तिला ‘गोल्ड’ म्हणतात. कार्ट्रिजच्या काळात ही अवस्था खरोखरच अंतिम होती. अटारीचा ‘ई.टी.’ हा खेळ १९८२ मध्ये सुमारे ५ आठवड्यांत रचण्यात आला. विकल्या गेलेल्या कार्ट्रिजमधील उणिवा दूर करण्याचा मार्गच नव्हता. इंटरनेटवरून दुरुस्ती पाठविणे शक्य झाल्यावर ‘गोल्ड’चा अर्थ शिथिल झाला. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गोल्ड’ म्हणून जाहीर झाला. तरीही दुरुस्तीसाठी त्याचे प्रकाशन १० डिसेंबरपर्यंत लांबले. प्रकाशनानंतर जुन्या कन्सोलवर इतके दोष दिसले, की आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या इंटरनेटवरील दुकानातून काढून घेतला. जून २०२१ मध्ये तो तेथे परतला.

बरेचसे दोष चाचणीत दिसलेच नव्हते, असे निर्मात्या कंपनीच्या सहसंस्थापकांनी जानेवारी २०२१ मध्ये सांगितले. दोष आढळले होते, परंतु ते दूर करण्यास अवधी नव्हता, असे कर्मचाऱ्यांचे म्हणणे त्याच महिन्यात वृत्तपत्रीय लेखातून पुढे आले. या वादाचा निर्णय काहीही असो, त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सूचित होते. दोष सापडणे आणि त्यासाठी प्रकाशन थांबविणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली परीक्षकाच्या कौशल्यावर अवलंबून असते, तर दुसरी निर्णयाधिकार कोणाकडे आहे यावर. प्रकाशनाची तारीख आधीच अढळ ठरली असेल, तर चाचणीच्या अवस्था नावापुरत्या उरतात. आणि त्यांचे उरलेले कार्य, मूल्य मोजून, ग्राहकाला करावे लागते.