डबिंग आणि वाचिक अभिनय : शेरखानाचे उदाहरण

भरताने नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. रंगभूमीवर हे चारही एकाच नटाच्या ठायी एकवटतात. डबिंगमध्ये मात्र त्यांची फाळणी होते : आंगिक व आहार्य मूळ चित्राकडे राहतात आणि वाचिक तेवढे दुसऱ्या भाषेतील नटाकडे येते. चित्र रेखाटलेले असेल, तर मूळ भाषेतील आवाजही उसनाच असतो. त्यामुळे दोन्ही नट समान पातळीवर येतात.

याचे एक उदाहरण बोर्ली पंचतनच्या परिसरालगतच सापडते. दिघीवरून खाडी ओलांडून पुढे गेले की मुरूड लागते. तेथे इ. स. १९५१ मध्ये नाना पाटेकर यांचा जन्म झाला. किप्लिंगच्या 'जंगल बुक'वरून (१८९४) जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ साली ५२ भागांची चित्रमालिका काढली. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनने ती हिंदीत दाखविली, तेव्हा शेरखानाला आवाज पाटेकरांनी दिला. २०१६ च्या अमेरिकी चित्रपटाच्या हिंदी रूपातही शेरखानाचा आवाज त्यांचाच होता.

जपानी चित्रमालिकांत ओठांच्या ठेवणी बहुधा मोजक्याच असतात : मिटलेले, अर्धवट उघडलेले व पूर्ण उघडलेले. म्हणून प्रत्येक स्वराचा मेळ घालावा लागत नाही. वाक्याचा कालावधी व विराम मात्र सांभाळावे लागतात. जपानी, हिंदी व मराठी या तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येते. त्यामुळे धमकीतील निर्णायक शब्द व चित्रातील झेप यांची गाठ सहज पडते. ग्रीक वा इंग्रजी भाषांतरकाराला ही सोय नाही.

अडचण सर्वनामांची आहे. जपानीत संबोधनाचे 'ओमाए', 'किमी', 'आनाता' असे अनेक पर्याय आहेत. हिंदीत 'तू', 'तुम', 'आप' असे तीन. संहिता इंग्रजीवरून केली, तर 'यू' हा सारा भेद पुसून टाकतो, आणि वाघाने मोगलीला कोणत्या पायरीवरून संबोधावे हे नव्याने ठरवावे लागते.

मराठी घरांतील मुलांनी ही मालिका हिंदीतूनच ऐकली. त्या हिंदीतील शेरखानामागे मराठी रंगभूमीवर घडलेला आवाज होता. मराठीभाषकांच्या हिंदीचा विचार पुष्कळदा 'है'चा उच्चार 'हइ'कडे झुकतो, अशा दोषांच्या यादीपाशीच थांबतो. परंतु विराम, आघात व स्वरभार हीही भाषेचीच अंगे होत. लिखित संहितेत ती उमटत नाहीत. तेव्हा डबिंगचा भाषाशास्त्रीय अभ्यास करावयाचा, तर संहितेबरोबर ध्वनिमुद्रणेही जपली पाहिजेत. ती गेली की अभ्यासविषयच नाहीसा होतो.