अ‍ॅम्फिस्टेजिना: वाळूच्या कणाएवढा प्रवाळांचा साक्षीदार

सूक्ष्मदर्शकाखाली उष्ण समुद्रातली चिमूटभर वाळू ठेवा. कणांमध्ये मसुराच्या डाळीसारखी, चकचकीत, एक-दोन मिलिमीटरची कवचं दिसली, तर ती बहुधा अ‍ॅम्फिस्टेजिनाची. हा एकपेशीय जीव फोरॅमिनिफेरा गटातला. दॉर्बिन्यी या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने 1826 साली या प्रजातीला नाव दिलं. आपल्याकडे लक्षद्वीपच्या वाळूतही ती सापडते.

पेशी एकच, पण आत भाडेकरू बरेच! तिच्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करून अन्न पुरवतात, बदल्यात त्यांना सुरक्षित जागा मिळते. म्हणून अ‍ॅम्फिस्टेजिनाला स्वच्छ, उजेड पोचणारं पाणी लागतं. खोलीनुसार कवचही बदलतं: उथळ पाण्यात जाड, खोल पाण्यात चपटं. ताण आला की ही शैवालं कमी होतात आणि प्रवाळांसारखाच तिचाही रंग उडतो. फ्लोरिडा कीजमध्ये 1991 पासून हे दिसू लागलं.

आता संशोधनातला उपयोग बघू. पामेला हॅलॉक आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 'फोरॅम निर्देशांक' मांडला. वाळूतली कवचं तीन गटांत मोजायची: शैवालं बाळगणारी, प्रदूषण सोसणारी आणि उरलेली छोटी. प्रत्येक गटाच्या प्रमाणाला अनुक्रमे 10, 1 आणि 2 ने गुणून बेरीज करायची. उत्तर 4 पेक्षा जास्त आलं तर पाणी प्रवाळवाढीला योग्य, 2 ते 4 म्हणजे काठावर, 2 च्या खाली म्हणजे अयोग्य.

इथेच मी आपटले. सरावाच्या नमुन्यात 200 कवचं मोजली: 60, 20 आणि 120. म्हणजे 3 + 0.1 + 1.2 = 4.3. मी खूश! गाईडनी ट्रे पाहिला आणि एवढंच विचारलं, "यातली झिजलेली, तपकिरी किती?" पुन्हा पाहिलं. 60 पैकी 20 कवचं जुनी होती, खालच्या थरातून उकरून वर आलेली. ती आजच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. ती वगळली, तर 180 कवचांवर निर्देशांक आला साधारण 3.7. 'योग्य' पाणी एका झटक्यात काठावर!

गणित दोन्ही वेळा बरोबरच होतं. चूक मोजणीत होती. अ‍ॅम्फिस्टेजिनाचं कवच टणक, ते पेशी मेल्यावरही टिकतं, त्यामुळे हा धोका नेहमीचाच. तेव्हापासून माझ्या वहीत एक जादा रकाना आहे: कवचाची अवस्था. ताजं, थोडं झिजलेलं, जुनं.

तुम्ही फोरॅमिनिफेरावर काम करा किंवा आणखी कशावर, सूत्रात आकडे टाकण्याआधी स्वतःला विचारा: मी मोजतोय/मोजतेय ते नक्की कोणत्या काळाचं आहे? आणि हो, मोजलेली कवचं फेकू नका, स्लाइडवर चिकटवून ठेवा. माझी चूक सापडली, कारण ती ट्रेमध्ये अजून होती.