बाटली शोकेसमध्ये ठेवून काही होत नाही

‘वाइन काय, जितकी जुनी तितकी भारी!’ ज्याने आयुष्यात वाइनचा घोट घेतलेला नाही तोसुद्धा कागलात हे छातीठोकपणे सांगतो. मग गोव्याहून येताना आणलेली किंवा पाहुण्यांनी परदेशातून दिलेली बाटली हॉलच्या शोकेसमध्ये, ट्यूबलाइटच्या खाली उभी राहते. पोराच्या लग्नात काढायची असते म्हणे. पोरगं आठवीत.

लग्नापर्यंत आत काय होईल ते आधी सांगतो. जगात विकली जाणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत, फार तर पाचेक वर्षांत प्यायची म्हणूनच केलेली असते. मुरवण्यासारखी वाइन थोडीच, आणि तिच्यात आंबटपणा, तुरटपणा किंवा साखर भरपूर लागते. तिलाही अंधार हवा, बारा-चौदा अंशांचा स्थिर गारवा हवा आणि बूच ओलं राहावं म्हणून बाटली आडवी हवी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा छत्तीस-सदतिसाच्या आसपास असतो. उभ्या बाटलीचं बूच सुकतं, हवा आत शिरते, लाल रंग विटकरी होत जातो. लग्नात निघेल ते महागडं आंबट पाणी.

हा समज बहुधा व्हिस्कीवरून आला असावा. पण व्हिस्कीच्या बाटलीवरची ‘बारा वर्षं’ ही लाकडी पिंपातली असतात. बाटलीत भरल्यावर तिचं वय थांबतं, वाइनचं मात्र चालूच राहतं, आणि ते नेहमी चांगल्याच दिशेने जातं असं नाही. ‘जुनी जास्त चढते’ हीसुद्धा थापच. आंबण्याची क्रिया संपली की अल्कोहोल वाढत नाही.

आता याच समजाची जास्त शिकलेली आवृत्ती. परदेशातून आलेल्या एखाद्या बाटलीवर ‘ओल्ड व्हाइन्स’ आणि खाली ‘ग्रनाश’ असं द्राक्षाच्या जातीचं नाव लिहिलेलं असतं. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बघ, जुनी आहे, ठेव.’ अहो, जुनी आहे ती वेल! वाइन दोन वर्षांपूर्वीची असू शकते. आणि ठेवायला ग्रनाश सहसा सोयीची नाही. तिची साल पातळ, रंग फिका, हवा लागली की ती लवकर बिघडते. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-द्यु-पापसारख्या ठिकाणी दशकं टिकणाऱ्या ग्रनाश होतात, पण त्या शोकेसमध्ये टिकत नाहीत.

ही जात मूळची स्पेनची मानतात, तिथे ती गार्नाचा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तिलाच कानोनाउ म्हणतात. ऊन आणि कोरडा वारा तिला मानवतो. खोड दणकट असल्यामुळे मांडव-तारा न घालता ती झुडपासारखी वाढवता येते. साखर भराभर चढते, म्हणून तिच्या वाइनमध्ये चौदा-पंधरा टक्के अल्कोहोल सहज असतं. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यात १८४८ साली लावलेल्या ग्रनाशच्या वेली आजही फळ देतात. द्राक्षाची मुळं खाणारी फायलोक्सेरा नावाची कीड तिथे पोचलीच नाही, हे त्यांचं नशीब.

पण वेल जुनी म्हणून वाइन चांगली, हे तरी खरं का? आधी ‘जुनी’ म्हणजे किती ते विचारा. बहुतेक देशांत हा शब्द लेबलवर छापायला कायद्याची अट नाही, त्यामुळे वीस वर्षांची बागही ‘जुनी’ ठरते. बरोसाच्या उत्पादकांनी २००९ मध्ये स्वतःच्या पायऱ्या ठरवल्या: पस्तीस, सत्तर, शंभर आणि सव्वाशे वर्षं. वाइन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, ओआयव्हीने, पस्तीस वर्षांची व्याख्या केली तीसुद्धा २०२४ मध्ये.

उरला दर्जा. जर्मनीत गायझेनहाइमच्या संशोधकांनी रिझलिंग जातीच्या १९७१, १९९५ आणि २०१२ सालच्या लागणींची तुलना केली. फरक पडला तो कोवळ्या वेलींचा. पूर्ण वाढलेल्या दोन्ही वयांत उत्पादनाचा म्हणावा तसा फरक नव्हता. वयाबरोबर फळ घटतं आणि रस दाट होतो हे वाक्य विक्रेते सांगतात तितकं सरळ नाही.

मग जुन्या वेलींच्या छोट्या बागायतदाराची वाइन इतकी नावाजली का जाते? माझ्या मते याचं उत्तर उसाच्या गावाला लवकर कळावं. ज्या रानात लागण चांगली फुटते तिथेच शेतकरी खोडवा आणि निडवा ठेवतो, बाकीचं मोडतो. बागेचंही तसंच. शंभर वर्षं तीच बाग टिकली जी प्रत्येक पिढीला मोडवली नाही. वयाने फळ चांगलं केलं असं नाही. चांगलं फळ देणारी बाग म्हातारी होऊ दिली गेली. त्यातही नशिबाचा वाटा आहेच: १९८०च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेली उपटायला पैसे दिले आणि ग्रनाशच्या कितीतरी जुन्या बागा तेव्हा गेल्या.

किरकोळ समज एका दमात. लाल वाइनमध्ये रंग घालतात? नाही, रंग सालीचा, बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच निघतो. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी? युरोपातल्या जुन्या घरांच्या, म्हणजे सोळा-अठरा अंशांच्या. कागलच्या खोलीत आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बूच नसून फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल? न्यूझीलंडची बहुतेक चांगली वाइन त्याच झाकणात येते. वाइन म्हणजे दारू नव्हे? २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा हा वाद जोरात होता, पण बारा-पंधरा टक्के अल्कोहोल म्हणजे दारूच. हृदयाला चांगली? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

आणि शेवटचा, दर हंगामात ऐकू येणारा: ‘तासगावात द्राक्षाचा दर पडला की वाइन का करत नाहीत?’ कारण थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षं. मोठा मणी, बी नाही, साल पातळ. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, बियांचा, साल सहसा चिवट. उलट बाजूने तो बाजारात विकता येत नाही, म्हणून वाइनरीशी करार झाल्याशिवाय लावू नये. २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिकजवळ विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाइन पार्क झाले, लोकांनी हौसेने वाइनच्या जाती लावल्या. २००८-०९ च्या मंदीत काही वाइनऱ्यांनी माल उचलला नाही, पैसे थकले, आणि अनेकांनी त्या बागा काढून पुन्हा खायची द्राक्षं लावली. तशीही आपल्याकडे हिवाळ्याची झोप नसल्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी, आणि साधारण पंधरा वर्षांत बाग थकते. त्या वेली तर दहाचा आकडाही गाठू शकल्या नाहीत.