काशीचा ब्रह्मा घाट आणि परतफेडीची रीत

वाराणसीच्या ब्रह्मा घाटावर नावाडी बांबूने पायरी रेटतो आणि नाव प्रवाहात सरकते. नावाडी पायरीला जेवढ्या जोराने ढकलतो, तेवढ्याच जोराने पायरीही त्याला उलट ढकलते. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या गतीच्या तिसऱ्या नियमाचे हे साधे उदाहरण होय. एकाच्या कृतीला दुसऱ्याकडून प्रतिसाद मिळणे आणि त्या प्रतिसादाने पहिलाही बदलणे, अशा घडामोडींना अन्योन्य किंवा परस्पर प्रक्रिया म्हणतात. निसर्गात, समाजात आणि संस्कृतीत त्या सतत चालू असतात. परंतु त्यांची रीत सर्वत्र सारखी नसते. भौतिक जगात परतफेड तत्क्षणी आणि तंतोतंत होते. माणसांच्या जगात ती उशिरा होते, रूप बदलून येते आणि पुष्कळदा मूळ दात्याऐवजी तिसऱ्याच्याच हाती पडते. हा फरक समजून घेण्यासाठी ब्रह्मा घाट आणि त्याभोवतीची मराठी वस्ती यांसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण.

नदी आणि काठ

वाराणसीत गंगा उत्तरवाहिनी होते आणि चंद्रकोरीसारखे वळण घेते. वळणाच्या बाहेरील बाजूस प्रवाहाचा वेग अधिक असल्याने तो काठ झिजतो, तर आतील बाजूस वेग मंदावून वाळू साचते. काठ झिजला की वळण वाढते आणि वळण वाढले की झीजही वाढते. घाटांची रांग याच बाहेरच्या, पश्चिमेकडील उंच काठावर आहे आणि समोर वाळूचे विस्तीर्ण पात्र दिसते. दगडी पायऱ्या काठाला आधार देतात, तर नदी त्यांचा पाया पोखरत राहते. ब्रह्मा घाटाच्या दक्षिणेस, बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला शिंदे घाट बांधकामाच्या भाराने खचला. १९७८ च्या महापुरात गंगेची पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. येथील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळाचा जाड थर उरतो आणि तो पाण्याचा मारा करून पुन्हा नदीतच लोटला जातो.

गोदाकाठचे देणे

ब्रह्मा घाट आणि शेजारचा दुर्गा घाट १७४० च्या सुमारास नारायण दीक्षित यांनी बांधविले. ते गोदावरीकाठच्या कायगावचे, पेशवे घराण्याला गुरुस्थानी असलेले विद्वान. कोकणी भाषक गौड सारस्वत समाजाच्या काशी मठाचे स्थानही ब्रह्मा घाटावरच आहे. काशी आणि दक्षिण यांचे हे नाते त्याहूनही जुने आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस जाऊन स्थायिक झाले. त्याच पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीत पूर्ण केले.

पैठणने काशीला विद्वान दिले. त्याची परतफेड व्हावयास दीडशे वर्षे लागली. रामेश्वर भट्टांच्या वंशातील गागाभट्ट काशीहून रायगडावर आले आणि ६ जून १६७४ रोजी त्यांनी शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. याच घराण्यातील नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ पुढे ब्रिटिश काळात मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरात येथील वारसाहक्काच्या खटल्यांत प्रमाण मानला गेला. पंडितांच्या रूपाने गेलेले देणे राज्याभिषेकाच्या आणि कायद्याच्या रूपाने परतले.

परतफेडीला लागते स्मरण

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ साली दानावरील आपल्या प्रसिद्ध निबंधात देणे, स्वीकारणे आणि परत करणे या तीन बंधनांचे विवेचन केले. जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये प्राण्यांमधील परस्पर उपकाराचा सिद्धांत मांडला. १९८४ मध्ये जेराल्ड विल्किन्सन यांनी रक्तपायी वटवाघळांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. उपाशी राहिलेल्या सोबत्याला वटवाघूळ पोटातील रक्त भरवते आणि ही मदत प्रामुख्याने नातलगांना व नेहमीच्या सोबत्यांना मिळते. परतफेडीला विलंब लागणार असेल, तर कोणी कोणाला काय दिले हे ओळखता व आठवता आले पाहिजे. तसे झाले नाही, तर नुसते घेणाऱ्यांचे फावते आणि व्यवहार थांबतो.

माणसाने या स्मरणासाठी साधने घडविली. तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे त्यांपैकी एक. यात्रेकरू दक्षिणा देतो. उपाध्याय निवाऱ्याची व धर्मकृत्यांची व्यवस्था करतो आणि आलेल्याचे नाव, गाव व वंशावळ नोंदवून ठेवतो. दोन पिढ्यांनंतर येणाऱ्या नातवाला आजोबांची स्वाक्षरी तेथे पाहावयास मिळते. सण हेही असेच साधन होय. ब्रह्मा घाट परिसरात १८९८ पासून सार्वजनिक गणेशोत्सव साजरा होत आला आहे.

शब्द परत आला

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दक्षिणेकडून येणाऱ्या राजाश्रयाचा मोठा स्रोत आटला. एक बाजू दुबळी झाली तरी देवाणघेवाण मात्र थांबली नाही. तिने वाट बदलली. काशीच्या मराठी कुटुंबात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज' या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले. 'राष्ट्रपति' हा शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. मराठी घरातल्या संपादकाने हिंदीला दिलेला हा शब्द आज मराठीतही नित्याचा आहे. तो वापरताना मात्र काशीच्या या मराठी संपादकाची आठवण क्वचितच कोणाला होते.

धोका नेमका येथेच आहे. नावाड्याला पायरीचे उपकार लक्षात ठेवावे लागत नाहीत. निसर्गनियम आपले काम करतोच. समाजाला तशी हमी नाही. वह्यांमधील जुन्या मराठी नोंदींत मोडी लिपी आढळते आणि ती वाचणारे आता थोडेच उरले आहेत. कागद टिकला तरी वाचणारा उरला नाही, तर आलेल्या नातवाला आजोबा भेटणार नाहीत. म्हणून या वह्यांचे जतन आणि मोडीचे शिक्षण ही केवळ इतिहासप्रेमींची हौस ठरत नाही. गोदेच्या आणि गंगेच्या काठांमध्ये शतकानुशतके चालत आलेला व्यवहार पुढे चालू ठेवण्याची ती अट आहे.