एका दिवसाचा पाहुणा

पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा केला. उपक्रम स्तुत्य खराच. परंतु त्यामागील यंत्रणा स्थायी हवी. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७४ साली असाच प्रयोग झाला. आज तेथे दर रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत १०० किलोमीटरहून अधिक रस्ते पादचारी व सायकलस्वारांना मोकळे असतात. चौकाचौकांत प्रशिक्षित रक्षक असतात; अडथळे उभारणे, आडव्या रस्त्यांची वाहतूक आळीपाळीने सोडणे, प्रथमोपचार ही कामे वाटून दिलेली असतात. रस्ता वाहनांना बंद करण्यास एक आदेश पुरतो. तो माणसांसाठी खुला ठेवण्यास मात्र कायम सेवकवर्ग आणि अंदाजपत्रकात तरतूद लागते. त्यावाचून पादचारी हा आपल्याच रस्त्यावर एका दिवसाचा पाहुणा ठरेल.