चिनी भाषेची वाट

१९३८ साली जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनला साहाय्य करण्यासाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक होते. जखमी सैनिकाला कोठे दुखते, हे त्याच्याच भाषेत विचारावयास हवे. म्हणून युद्धाच्या धामधुमीतही ते चिनी भाषा शिकले आणि पुढे तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले. हे काम किती अवघड, ते पाहू या.

चीनची प्रमाणभाषा मँडरिन होय. तिच्यात पहिली परीक्षा कानाची. मराठीत 'घर' हा शब्द कोणत्याही सुरात उच्चारला, तरी घर ते घरच. मँडरिनमध्ये मात्र सुराबरोबर अर्थ पालटतो. तेथे मुख्य सूर चार. 'मा' हा उच्चार उंच, स्थिर सुरात केला, तर अर्थ होतो आई. खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा. आणि झपाट्याने उतरत्या सुरात रागे भरणे! तसेच 'माय' म्हणजे एका सुरात विकत घेणे, तर दुसऱ्या सुरात विकणे. सूर चुकला, की गिऱ्हाइकाचा दुकानदार होतो.

दुसरी परीक्षा डोळ्यांची. आपली वर्णमाला आली, की कोणताही शब्द वाचता येतो. चिनी लिपीत अशी वर्णमाला नाही. नित्य वापरातील चिन्हेच सुमारे ३,५०० आहेत. तथापि त्यांत काही खुणा सापडतात. झाडाचे चिन्ह दोनदा काढले, की राई होते. तीनदा काढले, की अरण्य. 'आई'च्या चिन्हात एका बाजूस 'स्त्री' आणि दुसऱ्या बाजूस 'घोडा' असतो. पहिला भाग अर्थ सुचवितो, दुसरा केवळ उच्चार.

मग या भाषेत सोपे काहीच नाही काय? आहे. 'मुलगा गेला', 'मुलगी गेली', 'मुले गेली' असे क्रियापद तेथे बदलत नाही. शिवाय 'त' व 'थ', 'क' व 'ख' यांसारखा अल्पप्राण-महाप्राण भेद मँडरिनमध्ये महत्त्वाचा आहे. इंग्रजी माणसाला तो सहजी साधत नाही. आपण तो बालपणीच शिकलेलो असतो.

सारांश, भाषेचा अवघडपणा सर्वांना सारखा नसतो. आपण कोणती शिदोरी घेऊन निघालो आणि कशासाठी निघालो, यावर तो अवलंबून असतो. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. तोवर त्यांच्या रुग्णांना ते परके उरले नव्हते.