वार्धक्य, व्यायाम आणि हवा : तीन संशोधनांचा परामर्श

साठी उलटलेला एखादा गृहस्थ जिन्याच्या मध्यावर थांबून दम घेतो, तेव्हा त्याचे कारण आपण सहजपणे त्याच्या वयात शोधतो. वस्तुतः त्या दम लागण्यात निदान तीन गोष्टींची भेसळ असते. कालमानाने होणारी शरीराची झीज ही एक, वर्षानुवर्षे स्नायूंना व हृदयाला पुरेसे काम न मिळाल्याने आलेली दुर्बलता ही दुसरी, आणि जन्मभर ज्या हवेत त्याने श्वास घेतला ती हवा ही तिसरी. ह्यांपैकी प्रत्येकीचा वाटा किती, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. कारण मनुष्याच्या आयुष्यात ह्या तिन्ही गोष्टी बहुधा एकाच वेळी व एकाच दिशेने वाढत जातात. त्यांना एकमेकींपासून सोडविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील तिहींचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यांपैकी दोन लंडन शहरात झाले व एक अमेरिकेतील डॅलस येथे.

ह्या विषयाचा आरंभ सामान्यतः जेरेमी मॉरिस ह्यांच्या १९५३ सालच्या निबंधापासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हृद्‌रोहिणीच्या विकाराने मध्यमवयीन पुरुषांचे मृत्यू झपाट्याने वाढत होते व त्याचे कारण कोणालाच उलगडले नव्हते. मॉरिस ह्यांनी लंडनच्या वाहतूक संस्थेतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष सेवकांची आजारपणाची व मृत्यूची नोंद तपासली. लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसे काम करीत. चालक आपल्या कामाच्या वेळेपैकी सुमारे नऊदशांश वेळ बसून असे, तर वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. मुंबईच्या वाचकास हा जिना निराळा वर्णन करून सांगावयास नको. दोघांचा सामाजिक थर एकच, मालक एकच, रस्तेही तेच. तथापि हृद्‌रोहिणीच्या विकाराचे प्रमाण चालकांत दर हजारी वर्षाला २·७, तर वाहकांत १·९ आढळले. शिवाय वाहकांना हा विकार उशिरा जडे, आणि पहिल्याच झटक्यात मृत्यू येण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी असे.

येथे कोणताही चिकित्सक वाचक दोन आक्षेप घेईल. पहिला असा की, गर्दीच्या रस्त्यावरून बस हाकण्याचा मानसिक ताण चालकालाच अधिक. मग दोष बसून राहण्याचा की ताणाचा? मॉरिस ह्यांनी ह्याचे उत्तर टपालखात्यात शोधले. पायी वा सायकलीवर टपाल वाटणारे एका बाजूस, आणि टेलिफोन-चालक व कारकून दुसऱ्या बाजूस, अशी तुलना केली असता तसाच भेद दिसून आला. ह्या बैठ्या लोकांना बस हाकावी लागत नव्हती, हे उघड आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मुळातच जो पुरुष स्थूल व मंद असेल तोच चालकाची जागा पत्करीत असेल, तर रोगाचे मूळ कामात नसून निवडीत आहे, असे म्हणावे लागेल. हा आक्षेप मॉरिस ह्यांच्या विरोधकांनी नव्हे, तर खुद्द त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीच तपासावयास घेतला, आणि त्यासाठी त्यांनी जे साधन वापरले ते आमच्या मते ह्या सर्व इतिहासातील सर्वांत रम्य साधन होय. वाहतूक संस्था आपल्या सेवकांना गणवेश पुरवीत असे, व त्या गणवेशांच्या मापांची नोंद दप्तरी होती. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ह्या विजारींच्या कमरेच्या मापांचा अभ्यास आहे. चालकांची कंबर त्याच उंचीच्या वाहकांपेक्षा मोठी भरली. इतकेच नव्हे, तर वयाने अगदी लहान गटातही, म्हणजे कामाचा परिणाम होण्यास फारसा अवधी मिळालेला नसताना, हा भेद होताच. म्हणजे निवडीचा दोष काही अंशी तरी खरा होता. आपल्याच सिद्धान्ताला बाधक असा पुरावा तीन वर्षांच्या आत स्वतः प्रसिद्ध करणे, ही गोष्ट संशोधनाच्या क्षेत्रात वाटते तितकी सर्वसामान्य नाही. पुढे १९६१ च्या अहवालात शरीराचा बांधा हिशेबात घेऊनही चालक व वाहक ह्यांच्यातील अंतर शिल्लक उरते, असे दिसून आले. तेव्हा निवडीने त्या अंतराचा काही भाग उलगडतो, सर्व नव्हे.

परंतु ह्या तुलनेत एक गोष्ट दिसूच शकत नव्हती, व तिच्याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे अवश्य आहे. मॉरिस ह्यांचा निबंध प्रसिद्ध होण्याच्या आदल्याच वर्षी, ५ ते ९ डिसेंबर १९५२ ह्या पाच दिवसांत, लंडनवर कोळशाच्या धुराने भरलेले दाट धुके पसरले. त्यामुळे सुमारे ४,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील महिन्यांतील जादा मृत्यू धरून नंतरच्या संशोधकांनी तो १२,००० च्या आसपास नेला. त्यातूनच १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला. असे असूनही चालक-वाहकांच्या तुलनेत हवेचा कोठे मागमूस नाही. ह्याचे कारण हवा निरुपद्रवी होती हे नव्हे, तर दोघेही जवळजवळ तीच हवा घेत होते हे होय. दोन गटांत ज्या घटकाबाबत भेद नाही, त्याचा परिणाम त्या दोन गटांच्या तुलनेत उमटत नाही, मग तो घटक कितीही घातक असो.

आता डॅलसकडे वळू. १९६६ साली तेथील वैद्यकीय विद्यालयात वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर ठेवण्यात आले व नंतर आठ आठवडे त्यांच्याकडून कसून व्यायाम करवून घेण्यात आला. कमाल श्रम करीत असता शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे ह्या प्रयोगातील मुख्य माप होते. ते ३·३ लिटरांवरून २·४ लिटरांवर घसरले. म्हणजे चौथाईहून अधिक शक्ती तीन आठवड्यांच्या विश्रांतीत गेली. हृदयातून मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचे कमाल प्रमाणही त्याच मानाने उतरले. व्यायामानंतर मात्र प्राणवायूचे हे माप ३·९ लिटरांपर्यंत चढले. हृद्‌विकाराच्या झटक्यानंतर रोग्यास कित्येक आठवडे निश्चल ठेवण्याची जी पद्धती तेव्हा रूढ होती, तिला हादरा देणाऱ्या पुराव्यांत ह्या प्रयोगाची गणना होते.

ह्या प्रयोगाचे खरे मोल तीस वर्षांनी प्रकट झाले. १९९६ साली तेच पाच पुरुष, आता पन्नाशीचे झालेले, पुन्हा तपासण्यात आले. त्यांचे वजन सरासरीने सुमारे एकचतुर्थांशाने वाढले होते व शरीरातील मेदाचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही प्राणवायूचे कमाल ग्रहण तीस वर्षांत फक्त अकरा-बारा टक्क्यांनीच घटले होते. म्हणजे विसाव्या वर्षी तीन आठवडे पडून राहिल्याने जेवढी हानी झाली, तेवढी तीन दशकांच्या वार्धक्याने केली नव्हती. पुढे सहा महिने माफक व्यायाम केल्यावर हे माप, प्रयोगापूर्वी विसाव्या वर्षी होते तितके पुन्हा झाले. हे वाचून फार हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. तरुणपणी कसून व्यायाम केल्यावर जी पातळी गाठली होती, ती पाचांपैकी एकालाही पुन्हा गाठता आली नाही. शिवाय हे माप मिनिटाला लिटर असे मांडले आहे. वाढलेल्या वजनाने त्याला भागले तर घट पुष्कळच मोठी दिसते, आणि जिना चढताना माणसाला आपले वजन स्वतःच वाहून न्यावे लागते. चाळीस वर्षांनंतरच्या तपासणीत, म्हणजे साठीत, ही घट वेगाने वाढून त्या तीन आठवड्यांच्या घटीइतकी झाली होती. आणि माणसे किती ? पाच. एवढ्या लहान नमुन्यावरून लोकसंख्येविषयी अनुमान काढता येत नाही. परंतु त्याच व्यक्ती चार दशके हाती राहिल्याने व्यक्तिव्यक्तींमधील भेदांचा गोंधळ टळला, हे बळ हजारोंच्या एकवेळच्या पाहणीत नसते.

व्यायाम हितकर, आणि तो वार्धक्यातही हितकर, इतके मान्य केल्यावर तिसरा प्रश्न उभा राहतो. व्यायामात श्वास वाढतो. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. झपझप चालताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. श्रम आणखी वाढले की श्वास तोंडावाटे होऊ लागतो व नाकाच्या गाळणीचा उपयोग उरत नाही. तेव्हा दूषित हवेत चालणारा मनुष्य एका हाताने मिळवितो व दुसऱ्या हाताने गमावतो, अशी शंका येणे स्वाभाविकच आहे.

ह्या शंकेची प्रत्यक्ष परीक्षा २०१२ ते २०१४ ह्या काळात लंडनमध्येच झाली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षे व त्याहून अधिक वयाचे ११९ स्त्री-पुरुष तीत सहभागी झाले होते. त्यांत ४० निरोगी, ४० दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधाने पीडित आणि ३९ हृद्‌रोहिणीच्या विकाराचे पण स्थिरप्रकृती रुग्ण होते. प्रत्येकाने दोन तास ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या पश्चिम टोकाला फेऱ्या मारल्या व काही आठवड्यांच्या अंतराने तितकाच वेळ जवळच्याच हाइड पार्कमध्ये; आधी कोठे चालावयाचे हे यदृच्छेने ठरविले होते. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या त्या भागात प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या बसगाड्या व टॅक्सी ये-जा करीत. ज्या वाहनाच्या जिन्याने मॉरिस ह्यांच्या वाहकांचे हृदय राखले, त्याच वाहनाचा धूर आता परीक्षेस बसला होता !

उद्यानात चालल्यावर तिन्ही गटांत श्वसनशक्ती सुधारली आणि रोहिण्यांचा ताठरपणा कमी झाला, व हा लाभ निरोगी माणसांत दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. रस्त्यावर चालल्यावर मात्र तो बराचसा लोपला. श्वसनविकार असलेल्यांना तर खोकला, कफ व धाप ह्यांचाही अधिक त्रास झाला. काजळी, नायट्रोजन डायऑक्साइड व अतिसूक्ष्म कण ह्यांचे प्रमाण जसे अधिक, तसा लाभ कमी, असा संबंध दिसला. येथे प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्या स्वतःशीच असल्यामुळे गणवेशाच्या मापांचा प्रश्न उद्‌भवत नाही. तथापि आपण कोठे चालत आहोत हे चालणाऱ्यास दिसत होते, आणि रस्त्यावर धुराबरोबर गोंगाटही होता. रोहिण्यांवर त्याचा काहीच परिणाम होत नाही असे म्हणता येणार नाही.

मग रस्त्याकाठी राहणाऱ्या वृद्धाने घरातच बसावे काय ? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचे उत्तर नकारार्थी आहे. हवेच्या दर घनमीटरमागे सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण २२ मायक्रोग्रॅम असता चालण्याचा व सायकल चालविण्याचा लाभ हानीहून सर्वथा अधिक ठरतो. ते १०० मायक्रोग्रॅम झाले तरी हानी वरचढ होण्यास रोज दीड तासाहून अधिक सायकल चालवावी लागेल, किंवा दहा तासांहून अधिक चालावे लागेल. हा हिशेब दीर्घकालीन मृत्युप्रमाणावर आधारलेला, सर्वसाधारण लोकसंख्येपुरता आहे. दम्याच्या वा हृद्‌विकाराच्या रुग्णाला धुरकट सकाळी काय होईल, हे त्यातून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ह्या कणांची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅमवर आणली; भारताचे २००९ चे प्रमाण ४० मायक्रोग्रॅमचे आहे. तेव्हा लंडनच्या उद्यानात व रस्त्यात जो भेद आढळला, तसाच भेद आपल्या शहरांतील उद्यानांत व रस्त्यांत आढळेल असे गृहीत धरणे धाडसाचे होईल. कित्येक ठिकाणी उद्यानातील हवाच त्या रस्त्यावरील हवेच्या बरोबरीची भरावयाची.

लंडनच्या प्रयोगातील एका निरीक्षणाची फारशी चर्चा झालेली नाही. हृद्‌रोहिणीच्या विकाराचे जे रुग्ण त्या विकारावरील औषधे घेत होते, त्यांच्या रोहिण्यांवर धुराचा परिणाम कमी झालेला दिसला. ३९ जणांच्या गटाचे पुन्हा तुकडे पाडून काढलेले हे अनुमान असल्यामुळे ते पक्के मानता येत नाही. ते तपासावयाचे तर औषधांचीही यदृच्छेने वाटणी करून दुसरा प्रयोग रचावा लागेल. शिवाय एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये जुन्या, अधिक धूर सोडणाऱ्या वाहनांवर जादा कर बसविण्यात आल्याने तो प्रयोग निराळ्या हवेत करावा लागेल.